परमुलखातील दीनी सेवा : एका कोकणी सूफीचे कार्य
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात माध्यमिक शाळेतील एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)





परदेशात जाऊन केलेली दीनी सेवा, असा विषय आज मला देण्यात आला आहे. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे जलसे, रंगलेले वाद आणि गाजलेले वक्ते उभे राहतात. परंतु भाषण हे दिवसातील एखाद्या तासाचे काम असते. उरलेल्या वेळात तो मनुष्य कोठे राहत होता, कोणाला शिकवीत होता, कोणाच्या ताटात घास पडतो की नाही हे पाहत होता, याची चौकशी आपण क्वचितच करतो. माझ्या मते दीनी सेवेची खरी परीक्षा त्या उरलेल्या वेळातच होते. म्हणून आज मी आपल्यापुढे अशा एका माणसाचे उदाहरण ठेवणार आहे, ज्याचे नाव दक्षिण आफ्रिकेत घरोघरी माहीत आहे. आणि तो माणूस मात्र आपल्या कोकणचा आहे.

हजरत शाह गुलाम मोहम्मद सूफी सिद्दीकी (रहमतुल्लाह अलैह) हे त्यांचे नाव. तिकडे त्यांना 'सूफी साहेब' म्हणतात. त्यांचा जन्म १८५० च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील इब्राहिमपट्टण या गावी झाला. पुढे हे घराणे कल्याणला आले. हैदराबादचे चिश्ती बुजुर्ग ख्वाजा हबीब अली शाह यांचे ते मुरीद झाले आणि पीरांच्या आज्ञेवरून १८९५ मध्ये ते आफ्रिकेतील डरबन बंदरात उतरले. त्या वेळी त्यांची चाळिशी उलटून गेली होती. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचे बेत करू लागतो, हे येथे जाता जाता नमूद करतो.

ते ज्या मुलखात गेले तो कसा होता, हे आधी समजून घेतले पाहिजे. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर नाताळ नावाची इंग्रजांची वसाहत होती. १४९७ मध्ये नाताळ सणाच्या सुमारास वास्को द गामा त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून ते नाव पडले. तेथे उसाचे मळे होते व मळ्यांवर राबायला माणसे हवी होती. म्हणून १८६० पासून हिंदुस्थानातून मजूर नेण्यास सुरुवात झाली. पहिले जहाज 'ट्रुरो' मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डरबनला लागले. १९११ पर्यंत असे सुमारे १,५२,००० लोक गेले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि ही माणसे 'गिरमिटिया' म्हणून ओळखली जाऊ लागली.

करार पाच वर्षांचा असे. पहिल्या वर्षी पगार महिना १० शिलिंग, पुढे दरवर्षी एक शिलिंग वाढ. शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. मालकाच्या परवानगीच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. रविवार काय तो मोकळा. १८९५ मध्ये, म्हणजे सूफी साहेब उतरले त्याच वर्षी, तेथील सरकारने आणखी एक कायदा केला. त्यानुसार नव्या मजुरांनी कराराची मुदत संपल्यावर पुन्हा करार तरी करावा, मायदेशी तरी परतावे, नाहीतर वर्षाला तीन पौंड कर भरावा, असे ठरले. महिना दहा-चौदा शिलिंग मिळविणाऱ्याला तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग! हिशेब विद्यार्थ्यांनीच करून पाहावा. हा जिझिया १९१४ साली, मोठ्या सत्याग्रहानंतर रद्द झाला.

या मजुरांत मुसलमान दहांत जेमतेम एक. ते एके ठिकाणी नव्हते. निरनिराळ्या मळ्यांवर विखुरलेले होते. डरबन शहरात ग्रे स्ट्रीटवर व्यापाऱ्यांनी १८८१ मध्ये जुम्मा मशीद उभारली होती. पण मळ्यावरच्या मजुराला चिठ्ठीशिवाय तेथवर जाणार कसे? त्यामुळे अनेक ठिकाणी मोहरमचा जुलूस एवढाच काय तो धर्माचा आधार उरला होता. मळेवाले त्या दिवसांची सुट्टी देत, आणि त्यात सर्व जातिधर्मांचे मजूर सामील होत. ढोल वाजत, ताबूत निघत, मारामाऱ्याही होत. कलमा कोणी शिकवावा, मयताचे गुस्ल कोणी द्यावे, निकाह कोणी पढावा, बाप मेल्यावर त्याच्या लेकरांना कोणी सांभाळावे, हे प्रश्न मात्र तसेच राहत.

आता प्रवासाचा विचार करा. मुंबईहून आगबोटीने डरबनला पोहोचायला तीन आठवड्यांपासून महिन्याभरापर्यंत वेळ लागे. वाटेत झांजिबारसारखी बंदरे. घरून पत्र यायलाही तेवढाच काळ. आणि पोहोचल्यावर स्वागत कसे? १३ जानेवारी १८९७ रोजी हिंदी उतारूंना उतरू देऊ नये म्हणून डरबनच्या धक्क्यावर गोऱ्यांचा मोठा जमाव जमला. त्याच दिवशी महात्मा गांधींना रस्त्यात मारहाण झाली. त्या वर्षी कायदा झाला की, येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. अशा वातावरणात सूफी साहेबांना आपले काम मांडावयाचे होते.

तिकडे असे सांगितले जाते की, डरबनला आल्यावर त्यांनी पहिला शोध घेतला तो एका कबरीचा. ब्रुक स्ट्रीटच्या कब्रस्तानात शेख अहमद नावाचे एक बुजुर्ग विसावले होते. परंपरेनुसार ते स्वतः गिरमिटिया मजूर म्हणून आले होते व १८९४ मध्ये वारले. लोक त्यांना बादशाह पीर म्हणतात. सूफी साहेबांनी त्या कबरीवर मजार उभारला. या बाबतीत निरनिराळ्या जमातींची मते निरनिराळी आहेत, त्या वादात मी शिरत नाही. मला त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. परमुलखातून आलेला हा आलिम प्रथम शेठ-सावकारांच्या पेढीवर जाऊन बसला नाही. ज्यांना मळ्यावर नुसत्या नंबराने ओळखत, त्या मजुरांपैकी एकाला त्याने मान दिला. मजुरांनी त्याला आपला मानले, यात नवल काय?

१८९६ मध्ये त्यांनी डरबनच्या उत्तरेला, उमगेनी नदीच्या काठी, रिव्हरसाइड येथे जमीन घेतली. हा शब्द मी मुद्दाम उच्चारतो: जमीन घेतली. भाड्याच्या खोलीत कायमचे काम उभे राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या जागेवर मशीद झाली. आणि मशिदीच्या अंगणातच मदरसा, यतीमखाना, खानकाह, आजाऱ्यांसाठी औषधोपचाराची सोय आणि कब्रस्तान झाले. जन्मापासून मरणापर्यंत गरिबाला ज्याची ज्याची गरज लागते, ते सर्व एका आवारात आले. आसपास भाजीपाला पिकवून शहरात विकणारे, करारातून मोकळे झालेले आपले लोक राहत होते. म्हणजे जेथे माणसे होती तेथे मशीद गेली. मशिदीसाठी माणसांना मैलोगणती यावे लागले नाही.

अशा ठिकाणचे दैनंदिन जीवन कसे असते, याची थोडी कल्पना करून पाहा. नमाजापासूनच सुरुवात करू. आपण येथे पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. लहान मुलालाही ते ठाऊक असते. डरबनमध्ये मात्र किब्ला उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला आहे. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ दुपारी सावली उत्तरेला पडते. तेथे सूर्य नेहमी उत्तरेच्या बाजूने जातो व सावली दक्षिणेला पडते. जोहर-असरची वेळ सावलीवरून पाहणाऱ्याला सगळे उलटेच वाटावे! जून-जुलैत कोकणात पावसाची झोड उठलेली असते, तेव्हा तिकडे कोरडी थंडी. आणि डिसेंबरात भर उन्हाळा, चौदा तासांचा दिवस. रमजान त्या महिन्यात आला तर रोजा केवढा लांबतो ते पाहा. भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल समोर घेऊन विद्यार्थ्यांनी हे पडताळून पाहावे. परदेशात गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून नव्याने शिकावे लागते, ते असे.

दुसरी अडचण भाषेची. मद्रासकडून आलेला मुसलमान तमिळ-तेलुगू बोले, उत्तरेकडून आलेला भोजपुरी-हिंदुस्तानी, दुकानदार मेमणी-गुजराती, केपटाऊनकडचे आपले लोक कोकणी. शिवाय गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी लोकांना इंग्रजांनी १८७३ पासून डरबनला आणून उतरविले होते. त्यांना झांजिबारी म्हणत, व त्यांतही पुष्कळ मुसलमान होते. मदरशातून उर्दूने या विखुरलेल्या हिंदी मुसलमानांना जोडण्याचे मोठे काम केले. पण उर्दू शिकविण्यासाठी सुद्धा आधी समोरच्याची भाषा थोडी तरी समजावी लागते, हे आम्हा शिक्षकांना निराळे सांगण्याची गरज नाही.

यतीमखान्याविषयी बोलायचे तर, ज्यांनी एखादे वसतिगृह चालविले आहे त्यांना विचारा. वीस मुले म्हटली की पहाटे वीस जणांचे पाणी, वीस जणांचा नाश्ता, कोणाला ताप, कोणाची फाटकी चड्डी, कोणी रात्री आईच्या आठवणीने रडणारा. तांदूळ संपला तर सबक बंद ठेवून चालत नाही आणि सबक आहे म्हणून चूल थंड ठेवता येत नाही. यात वाहवा मिळत नाही, वर्तमानपत्रात फोटो छापून येत नाही. उद्या पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच. मळ्यावर बाप गमावलेल्या मुलांसाठी परक्या देशात हे काम उभे करणे म्हणजे किती जबाबदारी शिरावर घेणे, याचा विचार व्हावा.

मोहरमच्या दंग्याधोप्याकडून लोकांना वळवायचे होते. परंतु जेथे वर्षात तेवढाच आनंदाचा दिवस आहे, तेथे नुसते 'हे करू नका' म्हणून कोण ऐकणार? सूफी साहेबांनी मिलाद आणि उर्साच्या मजलिसी सुरू केल्या. तेथे लोक कुटुंबासह येत, जिक्र होई, सर्वांना जेवण मिळे. एक वाईट सवय सोडवायची तर तिच्या जागी दुसरे काही चांगले द्यावे लागते, हे बालमानसशास्त्र आम्हाला बी.एड.च्या वर्गात शिकविले जाते. ते त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

रिव्हरसाइडपुरते ते थांबले नाहीत. पीटरमॅरिट्झबर्ग, लेडीस्मिथ, स्प्रिंगफील्ड, टोंगाट अशी नाताळमधील ठिकाणे, दूर केपटाऊन, एवढेच नव्हे तर डोंगराळ बासुटोलँडमधील, म्हणजे आजच्या लेसोथोतील, बुथा-बुथे. १८९५ ते १९११ या सोळा वर्षांत त्यांच्या प्रयत्नाने डझनभर मशिदी व मदरसे उभे राहिले. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे तेच ठिकाण, जेथे १८९३ मध्ये गांधीजींना आगगाडीच्या डब्यातून उतरविण्यात आले होते. काळ्या माणसाचा प्रवास त्या मुलखात कसा होत असेल हे त्यावरून समजावे. केपटाऊनच्या मशिदीला त्यांनी आपल्या पीरांच्या नावावरून 'हबीबिया' नाव दिले. स्वतःचे नाव दिले नाही, ही गोष्ट देणगीच्या पाट्यांवर आपली नावे ठळक पाहण्याची आवड असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

१९११ मध्ये सूफी साहेबांचा इंतिकाल झाला. रिव्हरसाइडलाच त्यांची कबर आहे. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव शाह अब्दुल अजीज सूफी यांनी काम पुढे चालविले.

यापुढचा इतिहास अधिक बोलका आहे. १९५० साली दक्षिण आफ्रिकेत वर्णवार वस्त्यांचा कायदा झाला. पुढे रिव्हरसाइड गोऱ्यांसाठी राखीव ठरविण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली हिंदी कुटुंबे उठविली गेली, घरे गेली, बागा गेल्या. पण मशीद आणि दर्गा तेथेच राहिले. लोक दूरच्या वस्त्यांतून पुन्हा पुन्हा तेथे येत राहिले. १९९४ मध्ये वर्णभेदाचे राज्य संपले. मशीद आजही उभी आहे. केपटाऊनला हबीबियाच्या आवारातून पुढे शाळाही वाढली.

त्याच मातीत आणखी एक उदाहरण घडले. मलबारकडून १८९० मध्ये गिरमिटिया म्हणून आलेल्या एम. एल. सुलतान नावाच्या मुसलमान मजुराने पुढे केळीच्या बागा करून पैसा मिळविला आणि आयुष्याच्या अखेरीस हिंदी मुलांच्या तंत्रशिक्षणासाठी दिला. त्यांच्या नावाचे तंत्रमहाविद्यालय २००२ मध्ये दुसऱ्या संस्थेशी एकत्र झाले आणि त्यातूनच पुढे डरबनचे तंत्रविद्यापीठ घडले. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने इतरांच्या मुलांना कॉलेज दिले!

बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे वळू. तीन गोष्टी मला आपल्यासमोर ठेवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट पालकांसाठी. सूफी साहेबांनी मशीद आणि मदरसा एकमेकांपासून वेगळे केले नाहीत. आपण मशिदीच्या मिनारासाठी एका जुम्म्यात रक्कम जमवितो. त्याच मोहल्ल्यात शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मात्र दहा फेऱ्या माराव्या लागतात. मिनार बांधू नका असे मी म्हणत नाही. मिनाराच्या सावलीत जी मुले वाढतात, त्यांच्या हजेरीपटाकडेही पाहा, एवढेच म्हणतो. दहावीच्या आधीच मुलाचा पासपोर्ट तयार करून ठेवणारे पालक आपल्यात आहेत. आखातात जाऊन मेहनतीची रोजी कमाविणे यात कमीपणा मुळीच नाही. आपली अनेक घरे त्यावर उभी आहेत. पण हातात प्रमाणपत्र घेऊन गेलेला मुलगा आणि रिकाम्या हाताने गेलेला मुलगा यांच्या पगारात, मानात आणि परत येण्याच्या वयात जो फरक पडतो, तो आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. गिरमिटियांनी नाइलाजाने अंगठा उठविला. आपल्या मुलाला सही करता येत असताना त्याने समजल्याशिवाय करार का करावा? आणि मुलींच्या बाबतीत तर माझी हात जोडून विनंती आहे: आठवीत आली म्हणून तिला घरी बसवू नका. उद्या घरातील पहिला मदरसा तीच चालविणार आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी, आणि ती भाषेची. घरी आपण उर्दू बोलतो, कोणी कोकणी बोलतो. म्हणून मराठी आपली नव्हे, असे काही मुले म्हणतात व पेपरात कमी गुण पडले की तेच कारण सांगतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. मग ती परकी कशी? आणि परकी असती तरी काय बिघडले? हुजूर (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांच्या सांगण्यावरून हजरत जैद बिन साबित यांनी यहुदी लोकांचे लेखन अर्ध्या महिन्याच्या आत शिकून घेतल्याची हदीस आपण ऐकली असेल. उर्दू जपा, कुरआन शरीफसाठी अरबी शिका, आणि त्याचबरोबर मराठी व इंग्रजीही अशी शिका की अर्ज लिहायला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये. तुमच्यापैकी कोणी उद्या इमाम, शिक्षक किंवा डॉक्टर म्हणून परक्या देशात जाईल. तेथे किब्ल्याची दिशा बदलेल, ऋतू बदलतील, पण शिकण्याची सवय बरोबर असेल तर काही अडणार नाही.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात बाप हरपलेली मुले आहेत. आपले नबी स्वतः यतीम होते, आणि यतीमांच्या हक्काविषयी कुरआन शरीफात किती कडक ताकीद आहे हे आपण जाणता. असे असूनही वसतिगृहाच्या जागांसाठी ओळखीची चिठ्ठी घेऊन येणारे पालक पुष्कळ असतात आणि ज्याच्यासाठी चिठ्ठी लिहायला कोणी उरलेले नाही, तो मुलगा मागे राहतो. म्हणून माझी सूचना आहे की, पुढील वर्षापासून प्रत्येक मोहल्ल्याने आपल्या भागातील अशा मुलांची यादी रमजानपूर्वी संस्थेकडे द्यावी, आणि जागा भरताना ती यादी प्रथम उघडली जावी. जकात आपण काढतोच. तिचा एक वाटा नियमाने, दरमहा, या मुलांच्या वह्यापुस्तकांकडे वळला तर कोणावर ओझे पडणार नाही.

परमुलखात जाऊन दीनी सेवा करण्याचे भाग्य सर्वांच्या नशिबी नसते. पण सूफी साहेबांनी तेथे जे केले, त्यातील बहुतेक कामे आपल्या गल्लीतही करता येण्यासारखी आहेत. त्यासाठी आगबोटीचे तिकीट लागत नाही. लागतो तो रोजचा एक तास. संध्याकाळी मगरिबनंतर प्रत्येक सुशिक्षित तरुणाने शेजारची चार मुले घेऊन बसावे, त्यांचा गृहपाठ पाहावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. हे काम आजच्या मेळाव्यापासून सुरू होवो, अशी मी अल्लाहच्या दरबारात दुआ करतो.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.